पाचवं वाक्य

रास्ता पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर,
लाकडी जिना चढून उजवीकडची खोली.
रिबेका मॅडम फळ्यावर लिहितात : एंडलेस.
ज्याला शेवट नाही ते.
पाच वाक्यं करा, रोजच्या बोलण्यातली.
देव, आकाश, समुद्र चालणार नाही.
पुण्यात समुद्र नाही.

तळेकरभाऊंनी वही न उघडताच सांगितलं,
माय कोर्ट केस इज एंडलेस.
चौदा वर्षं, शिवाजीनगर, सामाईक भिंत.
करेक्ट, मॅडम म्हणाल्या,
तर भाऊ असे बसले
की भिंत जिंकली.

जर्मनीला निघालेली श्रुतिका म्हणाली,
चांदणी चौकाचं काम वॉज एंडलेस.
वॉज कसं? भाऊंची हरकत.
संपलं तर एंडलेस नव्हतं,
एंडलेस होतं तर वॉज आलं कुठून?
मॅडमनी खडू खाली ठेवला.
चालतं, म्हणाल्या. इंग्रजीत चालतं.

मग माझी पाळी.
मी कासारीण. रविवार पेठेत हातभर रुंद दुकान,
दिवसभर दुसऱ्यांचे हात धरून बसायचं.
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ,
पंजा नुसता दाबला की माप कळतं,
आणि घरी भांडी कोण घासतं तेही.
म्हटलं, बँगल इज एंडलेस.
बोटानं हवेत गोल काढून दाखवला :
कुठं सुरू, कुठं संपली, सांगा.
श्रुतिका हसली. मॅडम हसल्या नाहीत.
ते राउंड, म्हणाल्या.
एंडलेस म्हणजे लांबत जाणारं,
जीव नकोसा करणारं.

म्हणजे शेवट नसणं ही त्यांच्यात तक्रार.

आमच्यात उलटं.
बांगडी पिचली तरी फुटली म्हणत नाही,
वाढली म्हणायचं.
कुंकू संपत नाही, वाढतं.
रात्री फळ्या लावते तेव्हा दुकान बंद होत नाही,
वाढवते.
नारळसुद्धा.
सासूबाई जाते कधी म्हणाल्या नाहीत,
येते म्हणायच्या,
शेवटी स्ट्रेचरवरूनही,
पायानं चपला चाचपत.

मी विचारलं, मॅडम, वाढलीला इंग्रजीत काय?
ब्रोक.
आणि फुटलीला?
ब्रोक.
आणि माणूस गेल्यावर ज्या फोडतात,
त्याला?
खाली झेरॉक्सचं मशीन कागद ओढत होतं.
ब्रोक, मॅडम म्हणाल्या,
पण हळू.

घरी बसून चार झाली.
लाइट बिल, जावेचा फोन, मंडईतलं पार्किंग,
आणि लेकाचं "दोन मिनिटांत आलो."
पाचवं सुचेना. ओळ मोकळी सोडली.

मंगळवारी सुदानची मुलगी आली,
कॉलेजातल्या मैत्रिणीच्या लग्नाला निघालेली,
मेंदी अजून ओली.
हिरव्याच हव्यात. एका हातात डझन.
पंजा रुंद, हट्ट दोन-चारचा.
साबण लावला, अंगठा आत दुमडला,
सातवीला कट्.
ती घाबरली. सॉरी, आय ब्रोक.
नो, मी म्हटलं, नो ब्रोक.
आणि पुढं शब्दच नाही.
ग्रो म्हणावं, तर
बांगडी म्हणजे काय भोपळा आहे?
तिचा हात माझ्या हातात तसाच,
साबणानं निसटता, गरम.
एंडलेस, म्हटलं मी.

काय कळलं तिला, तिचं तिला ठाऊक.
दुसरा हात तिनं आपणहून पुढं केला.

डझन भरून झाल्यावर
वरची एक घातली, आमच्या घरची रीत,
बिलात नसते ती.
काचा पुडीत बांधल्या.
वही गल्ल्याखाली आहे,
पाचवी ओळ अजून कोरी.
मॅडम गुरुवारी तपासतील.